बनाना क्रीम पाय, अगदी मुळापासून

अमेरिकन पाककृती वाचायची सवय असेल तर 'फ्रॉम स्क्रॅच' हा शब्दप्रयोग तुमच्या ओळखीचा असेल. म्हणजे पाकीट फोडून, पावडर ढवळून केलेलं नाही. सगळं घरी, पहिल्यापासून. आपल्याकडे असं वेगळं सांगावं लागत नाही, कारण आमटी घरीच होते. तिकडे मात्र पायचं तयार कवच मिळतं, तयार पुडिंगचं पाकीट मिळतं, फेसलेलं क्रीम डब्यात मिळतं. म्हणून ज्याने हे सगळं स्वतः केलं तो चारचौघांत ते सांगतोच. सांगावं पण, मेहनत असते त्यात.

आम्ही सॉफ्टवेअरवाले 'पहिल्यापासून लिहिलंय' म्हणतो तेव्हा त्याखाली कुणीतरी लिहिलेली पन्नास पॅकेजेस असतात, हे आम्हाला माहीत असतं. मग पायच्या खाली काय काय आहे? गेले दोन-तीन वीकेंड मी याच नादात होतो. पाय तर झालाच (चांगला झाला, विचारणार असाल तर :) ), पण एकेक घटक कुठून आला हे बघत गेलो आणि थेट एका देशाचं सरकार उलथवण्यापर्यंत पोचलो.

तर आधी पाय.

तीन भाग असतात. खाली कवच, मध्ये कस्टर्ड आणि केळी, वर फेसलेलं क्रीम. कवचासाठी सव्वा कप मैदा, चिमूटभर मीठ आणि साधारण ११० ग्रॅम थंडगार लोणी. लोणी मैद्यात बोटांनी चुरायचं, पण पूर्ण एकजीव करायचं नाही. वाटाण्याएवढे तुकडे राहिले पाहिजेत, कारण भट्टीत ते वितळले की त्यांच्या जागी पापुद्रे सुटतात. तीन-चार चमचे बर्फाचं पाणी घालून गोळा, अर्धा तास फ्रीजमध्ये, मग लाटून नऊ इंची ताटलीत. यात ओलं सारण पडणार, म्हणून कवच आधी रिकामंच भाजून घेतात. फुगू नये म्हणून त्यावर बटर पेपर आणि पेपरवर वजन ठेवायचं. मी डब्यातला सुका राजमा वापरला. २०० अंशांना पंधरा-वीस मिनिटं, मग राजमा काढून सोनेरी होईपर्यंत.

कस्टर्डला अडीच कप दूध, पाऊण कपाला थोडी कमी साखर, पाव कप कॉर्नफ्लोअर, चार अंड्यांचे बलक. मंद आचेवर ढवळत राहायचं. इथे एक गंमत आहे. घट्ट होताच घाईने गॅस बंद केला तर तेच कस्टर्ड फ्रीजमध्ये रात्रीतून पातळ होऊ शकतं. बलकात अमायलेज नावाचं एन्झाइम असतं, ते स्टार्च तोडत बसतं. म्हणून चांगले बुडबुडे आल्यावरही मिनिटभर उकळू द्यायचं, म्हणजे ते निकामी होतं. मग लोणी, व्हॅनिला. कवचात केळ्याच्या चकत्या, वर कस्टर्ड, असे थर. केळी पूर्ण झाकली गेली पाहिजेत, हवा लागली की काळी पडतात. चार तास फ्रीजमध्ये. क्रीम वाढण्याच्या वेळी.

म्हणजे तुमच्या लक्षात आलंच असेल, हे आपल्या शिकरणाचंच इस्त्री करून बसवलेलं रूप आहे. दूध, साखर, केळं.

आता डिपेन्डन्सी बघू. कॉर्नफ्लोअर घ्या. मक्यातून शुद्ध स्टार्च वेगळा काढण्याची पद्धत थॉमस किंग्सफर्ड या इंग्लंडहून आलेल्या माणसाने १८४२ च्या सुमारास न्यू जर्सीत बसवली, आणि ती कपड्यांना खळ घालण्यासाठी होती. स्वयंपाकघरात हा स्टार्च नंतर शिरला. त्याच्या थोडं आधी, १८३७ मध्ये, बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने बायकोला अंडी चालत नव्हती म्हणून कॉर्नफ्लोअरचं बिनअंड्याचं कस्टर्ड शोधून काढलं होतं. आपल्या लहानपणी उन्हाळ्यात जे पिवळंधमक फ्रूट कस्टर्ड व्हायचं, ती पावडर याच घराण्यातली. शाकाहारी घरांत ती इतकी रुळली याचं श्रेय एका इंग्लिश बाईच्या अॅलर्जीला आहे.

व्हॅनिला घ्या. ही मूळ मेक्सिकोकडची वेल. बाहेर नेऊन लावली की फुलायची पण शेंगा धरायची नाही, कारण तिचं परागण करणारे कीटक तिकडेच राहिले. १८४१ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडी आणि अंगठा वापरून हाताने परागण करून दाखवलं. आजही व्हॅनिलाच्या बागांत तीच युक्ती चालते. तो १८४८ मध्ये गुलामीतून सुटला आणि १८८० मध्ये गरिबीत मेला. आपल्या बाटलीतलं इसेन्स बहुधा कृत्रिम असतं, ते १८७४ पासून प्रयोगशाळेत बनू लागलं. पण ज्या चवीची ती नक्कल आहे ती जगभर पोचली त्या पोरामुळे.

आणि केळं. इथे मात्र गोष्ट लांबते, चहा घेऊन या.

१८७० पूर्वी बहुतेक अमेरिकन माणसांनी केळं पाहिलेलंही नव्हतं. त्या वर्षी लॉरेन्झो डाऊ बेकर नावाच्या जहाजाच्या कप्तानाने जमैकाहून १६० घड उचलले आणि ते सडण्याआधी जर्सी सिटीला आणून चांगल्या नफ्यात विकले. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात, ज्यात ग्रॅहॅम बेलने टेलिफोन दाखवला त्याच, एकेक केळं चमकत्या कागदात गुंडाळून दहा सेंटला विकलं जात होतं. टेलिफोन आणि केळं, दोन्ही तेव्हा नवलाचीच.

पुढच्या तीसेक वर्षांत हेच फळ सफरचंदापेक्षा स्वस्त झालं. सफरचंद अंगणात येतं, केळं हजारो मैलांवरून येतं, रस्त्यात पिकतं आणि आठवड्यात काळं पडतं. तरी स्वस्त! हे कसं जमवलं, हा खरा प्रश्न.

उत्तराचा एक भाग शुद्ध इंजिनिअरिंग आहे, आणि त्याला दाद द्यायलाच हवी. केळं हिरवं कापायचं. १३-१४ अंशांना ठेवलं तर ते झोपून राहतं, त्याखाली गेलं तर साल काळी पडते, वर गेलं तर पिकायला लागतं. म्हणजे मळा, रेल्वे, बंदर, थंड जहाज, बर्फ घातलेले डबे आणि शेवटी पिकवायच्या खोल्या, एवढी साखळी घड्याळाच्या काट्यावर चालली पाहिजे. एक कडी चुकली की पूर्ण जहाज फेकायचं. बेकर आणि अँड्र्यू प्रेस्टन यांच्या बॉस्टन फ्रूट कंपनीने विक्रीची बाजू बांधली. मळ्यांची बाजू मायनर कीथ नावाच्या माणसाने. त्याने १८७१ मध्ये सुरू झालेली कोस्टा रिकाची रेल्वे १८९० मध्ये पुरी केली. त्या जंगलात हजारो मजूर मेले, त्याचे स्वतःचे भाऊही गेले. मजुरांना खायला म्हणून रुळांच्या कडेने केळी लावलेली होती. रेल्वेला पुरेसे प्रवासी मिळेनात, पण केळ्यांचा धंदा जोरात निघाला. सरकारकडे पैसे नव्हते म्हणून १८८४ च्या करारात कीथला ८ लाख एकर जमीन आणि रेल्वेचा ९९ वर्षांचा भाडेपट्टा मिळाला. १८९९ मध्ये हे दोन धंदे एक झाले आणि युनायटेड फ्रूट कंपनी जन्मली. मळा तिचा, रूळ तिचे, बंदर तिचं, जहाजं तिची. मग पाककृतींच्या पुस्तिका वाटून केळ्याचं काय काय करता येतं हे अमेरिकन गृहिणीला शिकवण्याचं कामही तिनेच केलं.

उत्तराचा दुसरा भाग इंजिनिअरिंगचा नाही.

साखळी घड्याळावर चालायची तर त्यात कुणी 'थांबा' म्हणता कामा नये. मजुराने नाही आणि सरकारनेही नाही. ओ. हेन्री हा कथालेखक अमेरिकेतल्या खटल्यापासून पळून १८९६ मध्ये होंडुरासमध्ये जाऊन राहिला होता. तिथल्या अनुभवावर त्याने १९०४ च्या पुस्तकात एका काल्पनिक देशाला 'बनाना रिपब्लिक' म्हटलं. (ऑनसाइट जाऊन आलेल्यांना हे नाव मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानामुळे माहीत असतं. सेलमध्ये शर्ट बरे मिळतात.) कल्पना फार ताणलेली नव्हती. सॅम झेमरे हा रशियन साम्राज्यातून पोरवयात अमेरिकेला आलेला माणूस बंदरावर फेकून देण्याजोगी, जास्त पिकलेली केळी स्वस्तात घेऊन विकता विकता मोठा झाला. होंडुरासचं सरकार त्याला सवलती देईना, तेव्हा १९११ मध्ये त्याने पदच्युत अध्यक्ष मान्वेल बोनिया याला जहाज आणि भाडोत्री शिपाई पुरवले. बोनिया पुन्हा अध्यक्ष झाला, झेमरेला सवलती मिळाल्या. पुढे १९३३ मध्ये तो युनायटेड फ्रूटचाच कर्ताधर्ता झाला.

कोलंबियात १९२८ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीच्या मळ्यांवरच्या मजुरांनी संप केला. मागण्या वाचल्या तर आपल्याला लाज वाटावी इतक्या साध्या होत्या. लेखी करार, आठ तासांचा दिवस, आठवड्याला एक सुट्टी, आणि पगार कंपनीच्या दुकानातच चालणाऱ्या कुपनांत देऊ नका. डिसेंबरच्या ५-६ तारखेच्या रात्री सिएनागा गावच्या चौकात जमलेल्या मजुरांवर आणि त्यांच्या बायकापोरांवर लष्कराने गोळ्या झाडल्या. हुकूम देणाऱ्या जनरलने ४७ मेले असं सांगितलं. बोगोटातल्या अमेरिकन वकिलातीने महिनाभराने वॉशिंग्टनला कळवलेला आकडा हजाराच्या वरचा होता. खरा आकडा आजही ठरलेला नाही. जवळच्याच आराकाताका गावात १९२७ साली जन्मलेल्या गाब्रिएल गार्सिया मार्केसने ही घटना आपल्या सर्वांत गाजलेल्या कादंबरीत आणली. ती वाचताना अनेकांना वाटतं की हा जादुई वास्तववाद आहे. तो प्रसंग नुसता वास्तवच आहे.

ग्वाटेमालाची गोष्ट तर आपल्या पिढीला फारच पटकन कळेल, कारण ती रेडी रेकनरची गोष्ट आहे. युनायटेड फ्रूट तिथली सर्वांत मोठी जमीनदार, आणि त्यातली बरीचशी जमीन पडीक. १९५१ मध्ये सत्तेवर आलेल्या अध्यक्ष हाकोबो आर्बेन्स यांनी १९५२ मध्ये कायदा केला. मोठ्या मालकांची पडीक जमीन सरकार घेणार आणि भूमिहीनांना वाटणार. भरपाई? कर भरण्यासाठी मालकाने स्वतः जी किंमत दाखवली आहे तीच, सरकारी रोख्यांत. कंपनीने कर वाचवायला किंमत वर्षानुवर्षं कमी दाखवलेली! पहिल्या मोठ्या जप्तीचे सरकारने साधारण ६ लाख २७ हजार डॉलर देऊ केले. अमेरिकन परराष्ट्र खात्याने कंपनीच्या वतीने मागितले १ कोटी ५८ लाखांच्या वर. फ्लॅट घेताना 'कागदावर किती आणि वरचे किती' हे ज्याने ऐकलंय त्याला इथला विनोद समजावून सांगायची गरज नाही.

पण विनोद तिथेच संपला. परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस ज्या वकिली कंपनीतून आले होते ती युनायटेड फ्रूटचं काम करायची. त्यांचे भाऊ अॅलन डलेस सीआयएचे प्रमुख. शीतयुद्धाची भीती होतीच, तिला कंपनीच्या प्रचाराने हवा दिली. सीआयएने एक छोटी फौज, काही विमानं आणि एक खोट्या बातम्या देणारं रेडिओ केंद्र उभं केलं. २७ जून १९५४ ला आर्बेन्स यांनी राजीनामा दिला. वाटलेल्या जमिनी परत काढून घेतल्या गेल्या. पुढे १९६० ते १९९६ तिथे यादवी चालली आणि सुमारे दोन लाख माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, त्यात माया आदिवासी सर्वांत जास्त. १९९९ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी तिथे जाऊन अमेरिकेने दडपशाहीला दिलेला पाठिंबा चूक होती असं म्हटलं.

हे सगळं केवळ केळ्यामुळे झालं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण पायवरच्या चकत्या इतक्या स्वस्त का, या प्रश्नाला 'जहाजं थंड होती म्हणून' हे अर्धंच उत्तर आहे, एवढं नक्की.

आता सर्वांत मजेशीर भाग. तो पाय जेव्हा अमेरिकेत घरोघर पोचला, तेव्हाचं केळं आज बाजारात नाही!

त्या काळचं केळं 'ग्रो मिशेल' जातीचं. जाड सालीचं, घडच्या घड जहाजात रचले तरी न दुखावणारं. केळीला बी नसते, कंदापासून नवं झाड होतं, म्हणजे प्रत्येक झाड आधीच्याची हुबेहूब नक्कल. कंपन्यांच्या दृष्टीने हे सोन्याहून पिवळं. एकच आकार, एकच पिकण्याचा वेग. पण सगळ्या सर्व्हरवर एकच इमेज टाकली की एका व्हायरसने सगळं एकदम बसतं, हे आमच्या धंद्यात फ्रेशरलाही माहीत असतं. इथे व्हायरस नव्हता, मातीतली बुरशी होती. 'पनामा रोग', आपल्याकडे केळीचा मर रोग. मुळांतून शिरते, झाड वाळतं, आणि ती माती पुढे दशकानुदशकं निकामी. कंपन्या जंगल तोडून नव्या जमिनीवर सरकत राहिल्या. पडीक जमिनी राखून ठेवायचं एक कारण हेही होतं. म्हणजे ग्वाटेमालाच्या भांडणामागेसुद्धा ही बुरशी उभी होतीच.

१९६० च्या दशकात ग्रो मिशेलचा निर्यात धंदा संपला. त्याच्या जागी आलं कॅव्हेंडिश. मूळ आशियातलं हे केळं मॉरिशसमार्गे इंग्लंडला गेलं, १८३० च्या दशकात डेव्हनशायरच्या ड्यूकच्या काचघरात जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने वाढवलं, आणि ड्यूकच्या घराण्याचं नाव त्याला चिकटलं. साल नाजूक, म्हणून घड सोडून पुठ्ठ्याच्या खोक्यांचा जमाना आला. पण पनामा रोगाला ते दाद देत नव्हतं. सिस्टीम तशीच ठेवून फक्त इमेज बदलली.

आणि इथे ही गोष्ट माझ्या आजोळी येते. रावेर-यावल पट्ट्यातलं 'बसराई' हे कॅव्हेंडिश गटातलंच बुटकं केळं. नंतर आलेलं 'ग्रँड नैन', म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडचं 'जी-नाइन', तेही कॅव्हेंडिशच, आणि तेही टिश्यू कल्चरचं, म्हणजे नकलेची प्रयोगशाळेत काढलेली नक्कल. अमेरिकेतल्या सुपरमार्केटमधलं केळं आणि सावद्याहून रेल्वेने दिल्लीला जाणारं केळं सख्खी भावंडं आहेत. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

मामाला मी फोनवर विचारलं, सगळा जी-नाइनच का लावता? तो म्हणाला, "अरे, व्यापारी तेच मागतो. एकसारखा घड, एकाच वेळी कापणी. दुसरं लावलं तर न्यायला गाडी कोण पाठवेल?" मृगबाग असो की कांदेबाग, हिशेब हाच. शंभर वर्षांपूर्वी मध्य अमेरिकेत कंपनीने केलेला हिशेबही हाच होता. फरक एवढाच की कंपनी रोग आला की पुढच्या जंगलात सरकायची. मामाकडे सात एकर आहेत. तो कुठे सरकणार?

हा प्रश्न हवेतला नाही. त्याच बुरशीचा नवा प्रकार, टीआर-४, कॅव्हेंडिशलाही मारतो. तो आधी पूर्व आणि आग्नेय आशियात पसरला, २०१९ मध्ये कोलंबियात अधिकृतपणे सापडला, आणि भारतात बिहार-उत्तर प्रदेशात पोचला आहे. कंदांतून, पाण्यातून, बुटाला लागलेल्या मातीतूनही तो जातो. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये त्याला तोंड देणाऱ्या जनुक-बदललेल्या कॅव्हेंडिशला मंजुरी दिली आहे. पण ती पुन्हा नवी इमेजच. उपाय म्हणून जाणकार सांगतात ते जुनंच आहे: वेगवेगळ्या जाती लावा, रोगमुक्त रोपं घ्या, बाहेरची माती शेतात आणू नका. यातलं पहिलं तेव्हाच होईल जेव्हा वेगवेगळ्या जाती विकत घेणारी गिऱ्हाइकं असतील. म्हणजे आपण.

बाय द वे, युनायटेड फ्रूटचा वारसा आज चिकिटा या नावाने चालतो. कोलंबियातल्या निमलष्करी टोळीला पैसे दिल्याबद्दल या कंपनीने २००७ मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल करून अडीच कोटी डॉलर दंड भरला, आणि २०२४ मध्ये फ्लोरिडातल्या ज्यूरीने त्या टोळीच्या बळींच्या कुटुंबांना भरपाई द्यायला सांगितलं. इतिहास म्हणावा इतका हा विषय अजून जुना झालेला नाही.

असो, फारच लांबलं. पाय जरूर करून बघा, राजम्याची युक्ती विसरू नका. फक्त केळी घेताना या वेळी हातगाडीवाल्याकडे वेलची केळी किंवा वसईची राजेळी आहेत का तेही विचारा. वेलचीच्या चकत्या लहान पडतात, पण चव अधिक गोड लागते, आणि कस्टर्डला काही फरक पडत नाही. मी पुढच्या वेळी वेलचीचाच करणार आहे.